बाजारभाव आणायचे, पोर्टलवर चढवायचे: पायथन स्क्रिप्टच्या प्रकल्प नोंदी

काम असं: कांद्याची रोजची आवक आणि दर एका जुन्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममधून काढायचे आणि शेतकरी उत्पादक कंपनीच्या पोर्टलवर भरायचे. बाजार समित्या सध्या लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, सोलापूर आणि पुणे. साधनं: पायथन ३.१२, पानं मागवायला रिक्वेस्ट्स, एचटीएमएल वाचायला ब्यूटिफुलसूप ४, सोबत एलएक्सएमएल पार्सर. ब्राउझर चालवणारं सेलेनियम मुद्दाम घेतलेलं नाही. लागलंच तर शेवटी.

४ ऑगस्ट २०२५

कोड लिहिण्याआधी पाहणी. पहिला प्रश्न, हाच डेटा एपीआयने (प्रोग्रामसाठीच ठेवलेल्या दाराने) मिळतो का? केंद्र सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर रोजच्या बाजारभावांचा संच आहे. नोंदणी करून कळ घेतली की जेसन मिळतं. पण इथे आवक आणि दर मूळ पानावरच्या तक्त्यात ज्या तपशिलाने आहेत तसेच लागतात. म्हणून पान वाचायचं. ज्यांना नुसता सर्वसाधारण दर हवा आहे त्यांनी एपीआयच घ्यावा, पुढच्या नोंदी वाचायचीही गरज नाही.

रोबोट्स.टीएक्सटी (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामनी काय वाचू नये ते सांगणारी साइटची फाईल) पाहिली: दरांच्या पानाला मनाई नाही. या फाईलचे नियम २०२२ पासून आरएफसी ९३०९ म्हणून प्रमाणित आहेत. पायथनच्या मूळ लायब्ररीत ती वाचणारा रोबोटपार्सर आहे, तो स्क्रिप्टच्या सुरुवातीला लावला.

मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करून फॉर्म एकदा हाताने भरला. ही खूण विसरली तर रीडायरेक्ट झाल्यावर आधीच्या विनंत्या यादीतून पुसल्या जातात आणि नेमकी कामाची पोस्टच (भरलेला फॉर्म पाठवणारी विनंती) दिसत नाही. त्या पोस्टवर उजवी क्लिक करून ‘कॉपी अॅज कर्ल’ (तीच विनंती पुन्हा पाठवणारी कमांड) घेतलं, टर्मिनलमध्ये चालवलं, तक्ता आला. आता त्यातला एकेक हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) काढून पाहायचा. बहुतेक सगळे निरुपयोगी निघतात. उरली कुकी, कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर) आणि फॉर्मचा मजकूर.

५ ऑगस्ट

पहिलं गेट, म्हणजे पान मागणारी विनंती. तीन गोष्टी लगेच ठरवून टाकल्या.

टाइमआउट: रिक्वेस्ट्समध्ये तो मुळात नसतो. सांगितला नाही तर सर्व्हर गप्प बसल्यावर स्क्रिप्ट तासन्‌तास लटकते आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीत) एकावर एक प्रती साचतात. दोन आकड्यांची जोडी दिली, जोडणीला ३.०५ सेकंद आणि वाचनाला ३०. टीसीपी (इंटरनेटवर माहितीची पाकिटं पोचवणारी पद्धत) पाकीट पुन्हा पाठवण्याआधी पूर्वी ३ सेकंद थांबायचं, त्यावरून पहिला आकडा ३ च्या पटीहून किंचित जास्त. दुसरा आकडा एकूण वेळेचा नाही. दोन बाइट्सच्या मधल्या शांततेचा आहे. थेंबथेंब देणारा सर्व्हर ३० सेकंदांच्या मर्यादेतही दहा मिनिटं खाऊ शकतो. म्हणून एकूण वेळेची मर्यादा क्रॉनच्या ओळीत ‘टाइमआउट’ कमांडने वेगळी घातली.

यूजर-एजंट: ‘पायथन-रिक्वेस्ट्स’ असं मूळ नाव बऱ्याच ठिकाणी अडवलं जातं. क्रोमचा वेश घेण्यापेक्षा प्रकल्पाचं नाव आणि संपर्काचा पत्ता दिला. अडचण आली तर पलीकडचा माणूस बंदी घालण्याआधी निरोप देईल.

प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा पुरावा): ब्राउझरमध्ये पान बिनतक्रार उघडतं, पायथनमध्ये ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’. कारण जुनंच. सर्व्हर फक्त स्वतःचं प्रमाणपत्र देतो, मधल्या दुव्याचं देत नाही. ब्राउझर तो दुवा साठ्यातून किंवा प्रमाणपत्रातल्या पत्त्यावरून मिळवतात, पायथन मिळवत नाही. ओपनएसएसएलच्या ‘एस_क्लायंट’ला ‘शोसर्ट्‌स’ लावून साखळी पाहिली, एकच प्रमाणपत्र होतं. मधला दुवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून उतरवला, सर्टिफायच्या (विश्वासाच्या प्रमाणपत्रांचा पायथनसाठीचा संच) यादीच्या प्रतीला जोडला आणि त्या फाईलचा मार्ग ‘व्हेरिफाय’ला दिला. ‘व्हेरिफाय = फॉल्स’ हा मार्ग मोह पाडतो; तो घेतला की मध्ये कोणीही बसून वाटेल ते दर देऊ शकतो. दुव्याचीही मुदत संपते, ती तारीख कॉन्फिग फाईलमध्ये शेरा म्हणून लिहिली.

६ ऑगस्ट

पान एएसपी.नेट वेबफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्राचं आहे. सरकारी आणि निमसरकारी जुन्या साइट्सवर हाच प्रकार सगळ्यांत जास्त भेटतो, म्हणून जरा सविस्तर.

फॉर्ममध्ये लपलेली खाणी, म्हणजे मूल्यं ठेवायचे रकाने, असतात: व्ह्यूस्टेट, व्ह्यूस्टेटजनरेटर, इव्हेंटव्हॅलिडेशन, इव्हेंटटार्गेट, इव्हेंटआर्ग्युमेंट. सगळ्यांच्या नावाआधी दोन अधोरेखा. व्ह्यूस्टेट म्हणजे पानाची त्या क्षणाची अवस्था, बेस-६४ मध्ये गुंडाळलेली. सर्व्हर ती आपल्याकडे देतो आणि प्रत्येक पोस्टबरोबर परत मागतो. ब्राउझरमधून उचलून स्क्रिप्टमध्ये कायमची चिकटवली तर थोडा वेळ चालेल आणि मग केव्हा तरी बंद पडेल. म्हणून क्रम ठरलेला: गेट करा, फॉर्ममधली सगळी इनपुट खाणी नाव-मूल्य जोडीने उचला, त्यात आपली मूल्यं घाला, पोस्ट करा.

‘सगळी’ म्हणताना अपवाद आहेत. निष्क्रिय केलेली खाणी ब्राउझर पाठवत नाही. टिक न केलेला चौकोन पाठवत नाही. पानावर चार बटणं असली तरी दाबलेलं एकच बटण जातं. स्क्रिप्टने चारही पाठवली तर सर्व्हरवर कुठली क्रिया चालेल याचा नेम नाही. एकही पाठवलं नाही तर फॉर्म मुकाट्याने कोराच परत येतो. चित्राचं बटण असेल तर नावापुढे टिंब एक्स आणि टिंब वाय अशी दोन खाणी जातात, त्यात कुठलाही आकडा चालतो.

आणखी एक हमखास खड्डा: पोस्टमध्ये खाण्याचं ‘नेम’ जातं, ‘आयडी’ नाही. वेबफॉर्म्समध्ये दोन्ही जवळपास सारखी दिसतात, पण नेममध्ये डॉलरचं चिन्ह असतं आणि आयडीत त्याच जागी अधोरेखा. आयडी वापरला तर काहीही चूक दाखवली जात नाही. उत्तर २०० (सर्व्हरचा ‘सगळं ठीक’ सांगणारा आकडा), पान तेच, तक्ता रिकामा.

कुकीसाठी सेशन वस्तू वापरली. सत्र मुळात २० मिनिटं जगतं, म्हणून प्रत्येक धावेला नवं.

७ ऑगस्ट

जिल्हा निवडला की बाजार समित्यांची यादी भरते. थेट लासलगावचा क्रमांक घालून पोस्ट केली तर ५०० (सर्व्हरवर चूक), ‘इन्व्हॅलिड पोस्टबॅक ऑर कॉलबॅक आर्ग्युमेंट’. सर्व्हरने यादीत जे मूल्य दिलंच नाही ते आपण परत पाठवतो, आणि इव्हेंटव्हॅलिडेशन नेमकं तेच तपासतं. म्हणून मधली पायरी टाळता येत नाही: इव्हेंटटार्गेटमध्ये जिल्ह्याच्या यादीचं नाव (डॉलरवालं), जिल्ह्याचं मूल्य, बटण काहीच नाही, अशी एक पोस्ट. तिच्या उत्तरातून नवं व्ह्यूस्टेट आणि नवं इव्हेंटव्हॅलिडेशन. मग समिती, तारीख, बटण अशी दुसरी पोस्ट.

ब्राउझरमध्ये या मधल्या पोस्टचं उत्तर पूर्ण पान नसतं. लांबी, प्रकार, आयडी आणि मजकूर असे उभ्या रेघेने तोडलेले तुकडे असतात. तो अपडेटपॅनेलचा प्रकार. ते तुकडे जोडत बसायची गरज नाही. एक्स-मायक्रोसॉफ्टएजॅक्स हा हेडर आणि एसिंकपोस्ट हे खाणं पाठवलंच नाही तर सर्व्हर गुमान पूर्ण पान देतो.

८ ऑगस्ट

तारीख. खाण्यात दिन/महिना/वर्ष दिसतं, पण सर्व्हर ती अमेरिकी पद्धतीने वाचतो. ०५/०८/२०२५ पाठवलं तर ८ मेचा तक्ता येतो. २०० सकट, नीटनेटका, पूर्ण भरलेला आणि चुकीचा. २५/०७/२०२५ पाठवल्यावर मात्र ५००, कारण २५वा महिना नसतो. ब्राउझरमध्ये हे जाणवत नाही, कारण तारखेचा कॅलेंडर स्क्रिप्ट आतल्या एका लपलेल्या खाण्यात महिना आधी घालतो आणि सर्व्हर तेच वाचतो.

नियम केला: तारखेच्या कुठल्याही फॉर्मची चाचणी १२ नंतरच्या दिवसाने करायची. आणि उत्तरातल्या तक्त्यावर छापलेली तारीख मागितलेल्या तारखेशी ताडून पाहायची, जुळली नाही तर थांबायचं.

११ ऑगस्ट

मराठी मजकूर. कंटेंट-टाइप हेडरमध्ये अक्षरसंच नसेल आणि प्रकार मजकुराचा असेल तर रिक्वेस्ट्स आयएसओ-८८५९-१ धरतं. पानाच्या डोक्यातला मेटा टॅग ते बघतच नाही. परिणाम: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट्सचं, पहिला बाइट कायम ई-शून्य, म्हणून पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए उभे राहतात. उपाय सोपा आहे: ‘टेक्स्ट’ऐवजी ‘कंटेंट’, म्हणजे कच्चे बाइट्स ब्यूटिफुलसूपला द्यायचे. ते मेटा टॅग वाचतं.

मागच्या वर्षांच्या काही पानांत मात्र मजकूर युनिकोडमध्येच नाही. जुन्या फॉन्टमधली रोमन अक्षरं आहेत, फॉन्ट असेल तरच मराठी दिसतं. तिथे अक्षरसंच बदलून उपयोग नाही. त्या फॉन्टचा तक्ता घेऊन अक्षराला अक्षर बदलावं लागतं, शिवाय तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, ती युनिकोडच्या क्रमात व्यंजनामागे न्यावी लागते. ती वर्षं सध्या सोडून दिली.

तक्त्याचा पत्ता डेव्हलपर टूल्समधून ‘कॉपी सिलेक्टर’ने घेतला तर एलएक्सएमएलला काही सापडत नाही. ब्राउझर टेबलमध्ये टीबॉडी स्वतः घालतो, मूळ एचटीएमएलमध्ये ती नाही आणि एलएक्सएमएल ती घालत नाही. सिलेक्टरमधून टीबॉडी काढली. त्यापेक्षा बरं म्हणजे ‘सर्वसाधारण दर’ असं शीर्षक ज्या टेबलात आहे ते टेबल शोधायचं. स्तंभही क्रमांकाने न धरता शीर्षकाने धरायचे.

१२ ऑगस्ट

आकडे कधी रोमन, कधी देवनागरी. पायथनचं इंट ‘१८५०’ असं देवनागरीतच सरळ वाचतं, डेसिमलही वाचतं. पोर्टलच्या पानावरचं जावास्क्रिप्ट आणि मागचा पोस्टग्रेस डेटाबेस वाचत नाहीत. म्हणून मजकूर म्हणून पुढे ढकलायचा नाही, इथेच आकडा करायचा. स्वल्पविराम आणि शेवटची ‘/-’ आधी काढायची, त्यांना पायथनही अडतं. रिकाम्या खाण्यात किंवा आडव्या रेघेत शून्य घालायचं नाही. आवक नाही म्हणून दर नाही, आणि दर शून्य, यांत व्यापाराच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नावांची जुळणी जास्त त्रासाची. स्क्रिप्ट पुढे इतर मालालाही चालणार, म्हणून ‘कैऱ्या’ घेऊन पाहिलं. एका पानावर ऱ नुक्त्याचा, दुसऱ्यावर र, हलन्त आणि अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही एकसारखे, तुलना केली की वेगळे. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगळी सांकेतिक रूपं एक करणारं) रूप केल्याने फक्त ‘र अधिक नुक्ता’ आणि एकसंध ‘ऱ’ एक होतात. जोडकवाला प्रकार तसाच राहतो. म्हणून एनएफसी आधी, मग र-हलन्त-जोडक या त्रिकुटाच्या जागी ऱ-हलन्त. जोडक सरसकट पुसून टाकला तर ‘कैर्या’ होतो, रफार वर चढतो. कडेच्या जागांसाठी स्ट्रिप पुरतं, न तुटणारी जागाही ते काढतं. शून्य रुंदीची जागा काढत नाही, ती वेगळी काढली.

१५ ऑगस्ट

आज बाजार बंद. तक्त्याच्या जागी ‘माहिती उपलब्ध नाही’. या दिवसाची वाटच पाहायची होती, कारण आतापर्यंत रिकामा तक्ता येण्याची निदान तीन कारणं समोर आली आहेत: बटण पाठवलं नाही, नेमऐवजी आयडी गेला, सत्र मेलं. चौथं हे खरं कारण. चारही वेळा उत्तर २००.

‘रेज फॉर स्टेटस’ लावलं की काम झालं असं मानणाऱ्या स्क्रिप्ट इथेच फसतात. ते फक्त ४०० आणि त्यापुढचे आकडे पकडतं. २०० एवढंच सांगतो की सर्व्हरने काही तरी पान दिलं. म्हणून उत्तराचा निकाल मजकुरावर लावला:

तारीख जुळते आणि किमान एक ओळ आहे: यश.
तारीख जुळते आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ हे शब्द आहेत: सुट्टी, तशी नोंद.
बाकी सगळं अपयश, आणि आलेलं पान जसंच्या तसं डिस्कवर.

तिसऱ्या ओळीत ‘बाकी सगळं’ आहे हे महत्त्वाचं. अपयशाची यादी करायला गेलं तर ती कधी पुरी होत नाही.

१८ ऑगस्ट

आता दुसरी बाजू, पोर्टलवर भरणं. पोर्टल जँगोवर (पायथनमधला वेबसाइट बांधायचा सांगाडा) आहे. एपीआय तयार होईपर्यंत लॉगिनच्या फॉर्ममधूनच जायचं.

लॉगिनचं पान गेट करून ‘सीएसआरएफमिडलवेअरटोकन’ (फॉर्म याच साइटचा आहे हे पटवणारी खूण) उचललं, नाव आणि पासवर्डाबरोबर पोस्ट केलं. ४०३ (परवानगी नाही), रेफरर (विनंती कुठल्या पानावरून आली ते सांगणारा हेडर) तपासणी फसली. एचटीटीपीएसवर जँगो ओरिजिन किंवा रेफरर पाहतो; रिक्वेस्ट्स दोन्ही स्वतःहून देत नाही. रेफरर हेडरमध्ये लॉगिनच्या पानाचा पत्ता घातला, सुटलं. लॉगिन झाल्यावर टोकन बदलतं, म्हणून पुढच्या पोस्टला जुनं टोकन चालत नाही, कुकीतून नवं घ्यायचं.

इथेही २००चा तोच खेळ आहे, उलट्या बाजूने. पासवर्ड चुकला तर जँगो फॉर्म पुन्हा दाखवतो आणि २०० देतो. बरोबर असला तर ३०२, म्हणजे दुसऱ्या पानाकडे रीडायरेक्ट. रिक्वेस्ट्स रीडायरेक्टच्या मागे आपोआप जात असल्याने शेवटी दोन्हींत २००च दिसतो. म्हणून लॉगिनच्या पोस्टला ‘अलाऊ रीडायरेक्ट्स’ बंद, आणि ३०२ सोडून काहीही आलं तर थांबायचं.

१९ ऑगस्ट

एपीआय तयार. टोकन ऑथरायझेशन हेडरमध्ये, रेफरर आणि सीएसआरएफची कटकट संपली. टोकन स्क्रिप्टमध्ये लिहायचं नाही, पर्यावरण चलातून (स्क्रिप्टबाहेर, सिस्टीममध्ये ठेवलेल्या मूल्यातून) घ्यायचं.

पहिल्या पोस्टला उत्तर २००, सोबत आधीच्या नोंदींची यादी. नवी नोंद मात्र नाही. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ नव्हती. जँगोने रेघेच्या पत्त्याकडे ३०१, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट, केलं आणि रिक्वेस्ट्सने (ब्राउझरसारखंच) पोस्टचं गेट करून टाकलं, मजकूर गळला. ३०१, ३०२, ३०३ तिन्हींत असं होतं; पद्धत आणि मजकूर ३०७ आणि ३०८ मध्येच टिकतात. रेघ घातलीच, शिवाय लिहिणाऱ्या सगळ्या विनंत्यांना रीडायरेक्ट बंद केलं. आता नोंद झाली तर २०१ आणि उत्तरात नोंदीचा क्रमांक, तो नसेल तर अपयश.

‘डेटा’ आणि ‘जेसन’ यांत घोळ करू नये. डिक्शनरी ‘डेटा’ला दिली तर फॉर्मसारखी जाते, ‘जेसन’ला दिली तर जेसन म्हणून हेडरसकट. तयार स्ट्रिंग ‘डेटा’ला दिली तर कंटेंट-टाइप लागतच नाही. जेसनमध्ये देवनागरी ‘बॅकस्लॅश यू’ अशा सांकेतिक रूपात जाते. ते वैध आहे, फक्त प्रत्येक अक्षरचिन्हाला तीनऐवजी सहा बाइट्स. एवढ्याशा डेटासाठी त्यात हात घालायचं कारण नाही. स्ट्रिंग स्वतः पाठवायचीच असेल तर आधी यूटीएफ-८ बाइट्स करावेत. यूआरएललिब३ (रिक्वेस्ट्सच्या आतली लायब्ररी) च्या दुसऱ्या आवृत्तीआधी अशी स्ट्रिंग लॅटिन-१ समजली जायची आणि पहिल्या मराठी अक्षरावर काम अडायचं.

आठवड्याची सीएसव्ही फाईलही चढते. ‘फाइल्स’ वापरताना कंटेंट-टाइप हाताने द्यायचा नाही, तुकड्यांची सीमारेषा त्यातच लिहिलेली असते आणि ती रिक्वेस्ट्स घालतं. हाताने दिला की सीमा नाही, सर्व्हरला फाईल दिसत नाही. फाईलचं नाव रोमनमध्ये ठेवलं.

२१ ऑगस्ट

पुनःप्रयत्न. अॅडॅप्टरवर रीट्राय लावला: तीनदा, वाढत्या अंतराने, ५०२, ५०३, ५०४ आणि ४२९ वर (सर्व्हर तात्पुरता अडला किंवा विनंत्या फार झाल्या). रीट्राय-आफ्टर हेडर आला तर तेवढं थांबणं त्यातच आहे. पण पोस्टचा पुनःप्रयत्न रीट्राय मुळातच करत नाही, आणि ते योग्य आहे. पोस्ट गेली, सर्व्हरने नोंद केली, उत्तर येताना जोडणी तुटली, तर पुन्हा पाठवल्याने एकाच दिवसाची आवक दुप्पट होईल.

मूळ साइटवरची पोस्ट नुसती शोध घेते, काही लिहीत नाही. तिच्यासाठी वेगळं सेशन आणि त्यात पोस्टला परवानगी. इंटरनेटवरच्या जुन्या प्रश्नोत्तरांतलं मेथड_व्हाइटलिस्ट हे नाव यूआरएललिब३ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेलं, आता अलाऊड_मेथड्स.

पोर्टलसाठी पोस्टऐवजी पुट (दिलेल्या पत्त्यावरची नोंद घालणारी किंवा बदलणारी विनंती) घेतलं. पत्त्यातच समिती, तारीख, शेतीमाल आणि जात; डेटाबेसमध्ये या चौघांवर अनन्य निर्बंध. एकदा पाठवा की पाच वेळा, नोंद एकच. पुट रीट्रायच्या मूळ यादीतच आहे.

मागचे महिने भरताना दोन विनंत्यांत ५ सेकंद आणि एका वेळी एकच जोडणी. समांतर धागे लावले तर काम लवकर होईल, पण पलीकडचा सर्व्हर साधा आहे आणि सकाळी तो शेतकऱ्यांनाच लागतो. भरणं रात्री.

२५ ऑगस्ट

क्रॉन. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपण साडेपाच तास पुढे. रात्री २० वाजताची यूटीसी धाव म्हणजे इथे पहाटेचे दीड, तारीख बदललेली. ‘आजची तारीख’ नेहमी झोनइन्फोमधून एशिया/कोलकाता धरून काढायची. धावा दोन: संध्याकाळी ७ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण काही समित्या दर उशिरा भरतात आणि कधी नंतर दुरुस्तही करतात. पुट असल्याने दुरुस्ती आपोआप बसते.

प्रत्येक उत्तराचं कच्चं पान जीझिप करून ९० दिवस ठेवायचं. पार्सर सुधारला की पुन्हा साइटवर न जाता याच पानांवर चालवता येतो.

२८ ऑगस्ट

काल गणेश चतुर्थी. काही समित्या बंद, काही चालू, दोन्ही नोंदी बरोबर पडल्या. आज मात्र सगळ्या धावा अपयशी: तक्त्यात ‘परिमाण’ नावाचा स्तंभ मध्येच वाढला आहे आणि ‘कमीत कमी दर’च्या शीर्षकात एक जागा जास्त पडली आहे. स्तंभ शीर्षकाने धरल्यामुळे चुकीचे दर पुढे गेले नाहीत, स्क्रिप्ट थांबली. शीर्षकं ताडताना मधल्या जागा एक करण्याची ओळ घातली, साठवलेल्या पानांवर चालवून पाहिली. ‘परिमाण’ क्विंटल सोडून दुसरं काही असेल तर ओळ बाजूला ठेवून कळवायची, आपणहून रूपांतर करायचं नाही. संध्याकाळच्या धावेत पाचही समित्या आल्या.